मेढीचा खड्डा

सुनेनं सासूचा मान ठेवावा. एरवी नाही ठेवला तर निदान चार माणसांत तरी ठेवावा. दिपालीनं काय केलं? ऐन मांडवाच्या सकाळी अंगणातल्या बागेत, मोगरा आणि अळूच्या मधे, मुहूर्तमेढीच्या खड्ड्याच्या जागेवर पाट टाकला आणि त्यावर मांडी घालून बसली. बोरीवलीचे पाहुणे होडीतून उतरून नुकते दारात आले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत.

सरूबाईच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. ते तिनं खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर हात सुनेवर उठला असता.

“ऊठ गो. मुहूर्त चाललाय.”

“आई, लाइटवाल्यांचा माणूस दुपारी मशीन घेऊन येतोय. वायर कुठनं गेलीय ते तो वरूनच दाखवील. मग खणू या ना.”

“कसली वायर?”

“पावसाच्या आधी रस्त्यावरचे खांब काढले, तेव्हा मोठी वायर जमिनीतनं घातली. आपल्या बागेतनंच नेली. तुम्ही मासे घेऊन बाजारात होता, मी घरात होते.”

“बागेत कुठं?”

दिपालीनं अळूपासून कुंपणापर्यंत हात फिरवला. “एवढ्यात कुठंतरी.”

“म्हणजे तुला पण ठाऊक नाय!” सरूबाई पाहुण्यांकडे बघून हसली. “अगो, याच खड्ड्यात तुझ्या लग्नाची मेढ गेली. तेव्हा काय झालं?”

“सून आली!” पाहुण्यांतून कोणीतरी म्हणालं, आणि अख्खं अंगण हसलं.

दिपाली हसली नाही. “मेढ त्या पपईजवळ लावू, आई. एवढं ऐका.”

“मेढ म्हणजे काय कपडे वाळत घालायची काठी, कुठं पण ठोकायला?”

ओटीवर लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण शकुबाई तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली होती. मेढ उभी राहीपर्यंत तिला थांबता येत नाही. आत सरूबाईची लेक, नवरी कल्पिता, खिडकीचे गज धरून उभी होती. मुहूर्त टळला तर उद्या गोराईभर काय बोलतील, ते सरूबाईला आत्ताच ऐकू येत होतं.

“ऊठ,” ती म्हणाली. “नायतर आजपासून या घरात तुझा नि माझा शब्द संपला.”

दिपाली उठली. पाट उचलून छातीशी धरला आणि बाजूला उभी राहिली.

सरूबाईनं पहारीला हळदकुंकू लावलं. रीतीप्रमाणे जागेवर तांब्याभर पाणी ओतलं, वर दूध. दरवेळी हे पाणी वरच साचून राहायचं, इतकी ती जमीन तुडवून घट्ट झालेली. आज ते ओतता ओतताच आत गेलं. सरूबाईनं पायाचा अंगठा दाबून बघितला. माती भुसभुशीत होती. कोणीतरी ही जागा उकरली होती, आणि उकरणारं घरातलं तर कोणी नव्हतं.

तिनं तोंड उघडलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

“मार,” ती म्हणाली.

दिपालीचा नवरा कृणाल नुकताच अंघोळ करून आला होता. अनवाणी, ओल्या चिखलात पाय रोवून त्यानं पहार उचलली. पहिल्याच घावाला ती वीतभर आत गेली. दुसऱ्या घावाला खालून ठक्क आवाज आला.

“आई, वीट लागली!” तो म्हणाला. “थांब, फोडतो.”

पण पहार विटेच्या फटीत अडकली होती. तो ती मागेपुढे हलवायला लागला. कडेची माती ढासळली आणि खालून लाल प्लास्टिकची फाटकी पट्टी वर आली. तिच्यावर अक्षरं होती. ती सरूबाईला वाचता येत नव्हती. शेजारी कवटीचं चित्र होतं. कवटी वाचायला शाळा लागत नाही.

तिला ओरडायचं होतं. तोंड नुसतंच उघडलं. पहार हलत होती, खाली वायरीवर रचलेली वीट करकरत होती, आणि पोराच्या पायांतल्या बोटांमधून चिखल वर येत होता.

“कृणाल, सोड!” दिपाली किंचाळली. “ओढू नको, नुसती सोड!”

चार माणसांत नवऱ्याला नावानं हाक मारली, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कृणालनं हात सोडले नाहीत. त्यानं आईकडे बघितलं. लहानपणापासून बघत आला होता तसंच, आई काय म्हणते ते.

सरूबाईच्या हातातलं ताट सुटलं. त्या दणक्यानं तो दचकला आणि पहारीवरचे त्याचे हात निघाले. पहार जरा डुलली आणि उभी राहिली.

तो एक एक पाऊल मागे आला. शकुबाईचं गाणं थांबलं. घरात पंखा फिरत होता, त्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. म्हणजे वायर तुटली नव्हती. म्हणजे तिच्यात अजून लाइट होती, आणि पहारीच्या टोकापासून ती किती लांब होती ते कोणालाच माहीत नव्हतं.

कृणाल पायरीवर बसला. दिपालीनं पाट टाकून त्याचे दोन्ही तळवे उघडून बघितले, उलटे करून बघितले, आणि मग आपल्या मुठीत धरून ठेवले. सगळे सरूबाईचं तोंड बघत होते.

पाहुण्यांच्या मधून सरूबाई सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

“चूक तुझी हाय,” ती म्हणाली. “मी ऊठ म्हटलं, आणि तू उठलीस?”