हातभर बाक

"चाकाकडे बघू नका, रुमालाकडे बघा," मुलगी म्हणाली.

"मला शिकवतेस?" बाबा ट्रॅक्टरवर चढले. "हे वाक्य माझं आहे."

नव्या ग्रंथालयाकडे जाणारी पायवाट होती. दोन्ही बाजूंना कोवळी हिरवळ. ती वाटेवर पसरू नये म्हणून कडेने काळी प्लास्टिकची पट्टी उभी पुरायची होती आणि पट्टीसाठी जमिनीत दोन बोटं रुंद, वीतभर खोल चर पाडायचा होता. ट्रॅक्टरमागे दातेरी चकती लावली की साठ पावलांचा चर एका दमात पडतो. हात स्थिर असला तर.

डावी कड बाबांची, उजवी मुलीची. बागखात्यात ट्रॅक्टर एक आणि कायम चालकाची जागाही एकच. कोणाला ठेवायचं ते बागप्रमुख आजच्या दोन चरांवरून ठरवणार होते.

मुलीला जागा नको होती असं नाही. तीन वर्षं ती बदली चालक म्हणून राबत होती. पण आई गेल्यापासून बाबा सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात स्टूल टाकून गॅससमोर बसत. गॅस बंदच असे. ट्रॅक्टरवर मात्र ते डबा संपवत, माळ्यांवर ओरडत, शिट्टी वाजवत. ट्रॅक्टर गेला तर ते स्टूल तेवढं उरणार, हे तिला दिसत होतं.

वाटेच्या टोकाला काठीवर लाल रुमाल बांधला होता. आई होती तोवर ती स्वतः तो हातात धरून उभी राहायची. तिच्याकडे बघत बाबांनी तीस वर्षं सरळ चर पाडले.

दोन्ही पट्ट्या बाबांनी कालच गुंडाळीतून कापून ठेवल्या होत्या. मुलगी टेप धरायला आली तर म्हणाले, "तू डिझेल घेऊन ये. तेवढं मोजता येतं मला अजून." एका पट्टीवर त्यांनी खडूने 'बाप' लिहिलं, दुसरीवर 'लेक'.

"नावं कशाला? सारख्याच तर आहेत."

"नंतर भांडण नको," बाबा म्हणाले.

ट्रॅक्टर निघाला. अर्ध्या वाटेपर्यंत चर आखल्यासारखा पडला. मग बाबांनी कधी करत नाहीत ते केलं. मान वळवून मागे मुलीकडे पाहिलं. चकती उजवीकडे सरकली, हातभर बाहेर गेली आणि दहा पावलांत परत रेषेवर आली.

माळी चराभोवती जमले. त्यांच्यातला एक, ज्याला सगळे 'बातमीपत्र' म्हणत, तो हळूच म्हणाला, "बायको गेली, हातही गेला."

बाबा उतरले. "वय झालं, साहेब."

बागप्रमुखांनी मुलीकडे पाहिलं. "आता तू. सरळ काढ, म्हणजे विषय संपला."

मुलगी लगेच चढली नाही. ती बाबांच्या चराच्या कडेने चालत गेली. पावलं मोजली. चर वाकला होता तिथे, बाकाशी, उकिडवी बसली, हाताने अंतर घेतलं, उठली. मग ट्रॅक्टरवर बसली.

"आणि मागे वळू नकोस," बाबांनी बजावलं. कोणीतरी त्यांच्या हातात चहा दिला होता.

ती वळली नाही. एकतिसाव्या पावलाला तिने स्टिअरिंग फिरवलं, मोजून. चकती उजवीकडे गेली, हातभर, आणि दहा पावलांत परत आली.

"अगं ए!" बाबांचा चहा बुटावर सांडला.

बागप्रमुखांनी टेप मागवला. वाटेची रुंदी सुरुवातीला मोजली, बाकात मोजली, शेवटाला मोजली. तिन्ही ठिकाणी सारखी. मग ते ग्रंथालयाच्या पायऱ्या चढले आणि वरून बघत राहिले. फूटपट्टीसारखी पडून राहिली असती ती वाट आता मध्येच अलगद वळून दाराशी येत होती.

"हे ठरवून केलंत?"

"बाबांनी काढलं, मी गिरवलं," मुलगी ताठ मानेने म्हणाली.

"माझी चूक होती, साहेब," बाबा घाईने पुढे झाले. "तिचं काम बघा. सरळ चर कोणीही पाडेल. दुसऱ्याचा बाक ट्रॅक्टरवर बसून असा हुबेहूब गिरवायचा, हे मला जन्मात जमलं नाही. माझ्या पोरीला जमलं." त्यांनी मुलीला पुढे ओढलं. "जागा तिला द्या."

बागप्रमुख हसले. "बाप असावा तर असा. अहो, वळण सुचलं कोणाला? जागा तुमचीच. उद्या येऊन सही करा."

बातमीपत्राने टाळ्या वाजवल्या. मुलीने सगळ्यांत जोरात. बाबा वाटेच्या टोकाला गेले आणि काठीवरचा रुमाल सोडू लागले. गाठ त्यांना लवकर सुटेना.

मुलगी पट्ट्या बसवायला बसली. आधी 'लेक' उलगडली, चरात दाबत शेवटापर्यंत नेली. चार बोटं कमी पडली. पडणारच, ती स्वतःशी म्हणाली. सरळ चराच्या मापाची पट्टी, बाकात चार बोटं खर्ची पडली. तिने गुंडाळीतून चार-चार बोटांचे दोन तुकडे कापले. एक इथे जोडला, दुसरा पलीकडच्या कडेसाठी हातात ठेवला.

मग वाट ओलांडून तिने 'बाप' उलगडली. चरात दाबत नेली, बाकातून फिरवली, पुढे नेली, टोकाला पोचवली. काल कापलेली ती पट्टी बोटभरही कमी पडली नाही.

दुसरा तुकडा तिच्या हातातच राहिला.