लेथवरची पेनं

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी लेथ घेतला आणि लाकडी पेनं कातायला सुरुवात केली. लग्नाच्या वाढदिवशी त्यांनी ती नातेवाइकांना भेटीदाखल वाटली. जावयाने खिशाला लावलं, दिराने उन्हात धरून पॉलिशचं कौतुक केलं. मला लेथवर कातलेलं लाटणं मिळालं. "तुला पेन काय करायचंय?" हे म्हणाले. सगळे हसले. मी शेजारणीकडे अक्षरं शिकलेय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी जावयाच्या खिशातलं पेन काढून पेनांच्या रिकाम्या खोक्यावर टेकवलं. काही उमटेना. उघडलं तर आत रिफिलच नाही. बाकीचीही तशीच. एवढ्या शिकलेल्यांपैकी कुणी साधी रेघ ओढून पाहिली नव्हती. "अगं, शोभेची आहेत ती," हे पुटपुटले. "शोभेच्या वस्तूबरोबर संसार केला, ओळखायला हवं होतं मी," मी म्हटलं. मग त्यांच्या कानावर मिरवायला खोचलेली पेन्सिल काढली आणि सगळ्यांदेखत खोक्यावर माझं नाव लिहिलं. माहेरचं.