झाकणाआडचा नळ

“टाकी रिकामी कर. हीटरचं बूच काढ. मग एकेक नळ उघडून हवा मार, फुरफुर थांबेपर्यंत. म्हण परत.”

आजारी पडल्यापासून व्हर्नाचा नवरा मायलो जेवणाआधीच्या प्रार्थनेला जोडूनच तिच्याकडून हे रोज म्हणवून घ्यायचा. अडखळली की तिची बशी बाजूला सरकवायचा, पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या घर-गाडीच्या नळ्यांत पाणी राहिलं तर मिशिगनच्या थंडीत गोठून नळी फुटते, म्हणून. आठही कलमं तिने वहीत उतरवली. तो ऑक्टोबरात गेला. थंडीपुरतं बहिणीकडे जाण्याआधी तिने एकटीने, वही समोर ठेवून, आठही पार पाडली. गाडीचं दार ओढून घेताना पुटपुटली, “झालं हो सगळं.”

मे महिन्यात ती तळ्याकाठी परतली. पाणी जोडलं आणि भिंतीच्या आत झुळझुळ सुरू झाली. तासाभरात पलंगाखालची फळी भिजल्या पावासारखी झाली. चाकांवरचं ते एवढंच घर तिला होतं.

शेजारच्या गाडीतून रॉली आला. नाकात ऑक्सिजनची नळी, मागून सिलिंडर ओढत बायको लोरेन. त्याची गाडीही मायलोच्या गाडीच्याच बनावटीची. त्याने व्हर्नाच्या गाडीच्या मागच्या अंगाचं वीतभर झाकण उघडलं. आत वाळूने माखलेले पाय धुवायचा छोटा नळ होता. त्याची नळी उभी चिरली होती.

“हा राहिला तुझा.”

“हा वहीत नाहीये.”

“नसणारच!” रॉली इतका हसला की त्याला ढास लागली. “मायलोने आम्हा मित्रांना सांगितलं होतं ना! बिअर पिता पिता म्हणाला, ‘एक गाळलाय मी. वसंतात पाणी आलं की म्हातारीला माझी आठवण येईल.’ आली की नाही?”

व्हर्नाने वही मिटली.

लोरेन हसली नाही. तिच्या स्वेटरच्या खिशातून कोरी वही डोकावत होती. “तुला जमलं की मला शिकवणार होतीस,” ती हळूच म्हणाली. “शब्द दिला होतास.”

“तिला कशाला तसदी?” रॉली धापा टाकत म्हणाला. “मी सांगतोय की तुला रोज. आठ कलमं. संपली.” आणि त्याने व्हर्नाकडे बघून डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून व्हर्ना पान्हा घेऊन निघाली. लोरेन आपल्या गाडीच्या पायरीवर उभीच होती. व्हर्ना दाराशी थांबली नाही. वळसा घालून सरळ रॉलीच्या गाडीच्या मागे गेली आणि तिने झाकणावर बोटाने टकटक केली.

“कोण आहे गं मागे?” आतून रॉली ओरडला.

मागोमाग आलेल्या लोरेनने खिशातली कोरी वही उघडली.

“लिही,” व्हर्ना म्हणाली. “पहिलं.”