एका इंचाला सोळा फूट

"कुठं ठेवलंय त्याला, तें मला दाखवा," सकवारबाई म्हणाल्या.

मानाजीरावांनी खोलीच्या मधोमध नकाशा पसरला आणि कोपरे वळू नयेत म्हणून त्यांवर चार पितळी पेले ठेवले. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या त्या घरात जर्मनीतला एक अख्खा किल्ला मावला होता. किल्ला एका म्हाताऱ्या बाईच्या मालकीचा. मानाजीराव-सकवारबाईंचा मुलगा जनकोजी तिथं भाड्याची खोली घेऊन शिकत होता. मानाजीराव बत्तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. पोराला पत्रामागून पत्रं धाडून त्यांनी किल्ल्याची मापं मागवली. पोरगाही बिचारा पावलांनी भिंती मोजून कळवायचा. त्याच्या पत्रांत खुशालीच्या चार ओळी, बाकी सगळे बुरूज.

तो न्यूमोनियानं गेल्याची तार येऊन पंधरा दिवस झाले होते. आज मालकीणबाईंचं पत्र आलं.

मानाजीरावांचं बोट दरवाजातून आत शिरलं. "हा बुरूज सगळ्यांत जुना. पांचशे वर्षांचा. भिंत आठ फूट जाड. हा खंदक, आतां कोरडा, सफरचंदाची झाडं लावलींत. ही बाजू आगींत गेली, छप्पर नाही. आणि इथं वरतीं त्याची खोली. बारा बाय चौदा."

"मग?"

"हें त्यांचं प्रार्थनाघर. मागाहून बांधलं, म्हणून तिरकं आलंय. त्याच्या दक्षिणेच्या भिंतीलगत..." त्यांनी बोट टेकवलं. "तिथं पुरलंय."

"पुरलं? अग्नि नाही दिला?"

"तिला काय ठाऊक, अगं? तिच्या घराण्याची जागा ती. आजवर परका एकही नाही तिथं. लिहिते, तुमच्या मुलाला आमच्यांत घेतलं. मोठा मान दिला तिनं."

"मान घेऊन मी काय करूं? अम्चा पोर तो!"

सकवारबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. मानाजीरावही रडले. तार आल्यापासून पहिल्यांदाच ते बायकोसमोर रडत होते.

मग सकवारबाईंनी डोळे पुसले. "काढा," त्या म्हणाल्या. "तिथं त्याची जागा काढा."

मानाजीरावांनी पट्टी लावली, पेनात शाई भरली. रेघ सरळ आली. प्रार्थनाघराच्या भिंतीला लागून त्यांनी एक चौकोन काढला. तांदळाच्या दाण्याएवढा.

सकवारबाई वाकून बघत राहिल्या.

"इतकीच जागा? अय्यो, केवढा उंच पोर! पाय कसे मावतील?"

"स्केल आहे, अगं. एका इंचाला सोळा फूट. बुरूज एवढा, तर माणूस..."

"पाय दुमडून निजला कीं सकाळीं अंग दुखायचं त्याचं. मोठी काढा."

वरच्या साहेबांनी दरडावलं तरी मानाजीरावांनी नोकरीत कधी माप सोडलं नव्हतं. त्यांनी ब्लेडनं शाई खरवडली, पट्टी बाजूला ठेवली आणि नुसत्या हातानं रेघ ओढायला घेतली. ती प्रार्थनाघराच्या भिंतीवरून गेली, खंदकाच्या काठाला टेकली.

"पुरे?" त्यांनी विचारलं.

"अजून थोडी," सकवारबाई म्हणाल्या.