अवो, बाजूले व्हा!

नागपूरच्या सुभद्राबाईंनी साठी उलटल्यावर पहिल्यांदा बर्फ पाहिला, तो थेट इटलीतल्या डोंगरावर. रोहितनं आईबाबांना हट्टानं त्या महागड्या रिसॉर्टमध्ये आणलं होतं. "मी खालूनच पाहीन," असं त्या सकाळपर्यंत म्हणत होत्या. पण शिकवणाऱ्या पोरीनं पायांत स्की अडकवल्या, पाठीवर हलकासा हात ठेवला आणि सुभद्राबाई निघाल्या. त्यांना हसू फुटलं. थांबायचं कसं, ते काही केल्या आठवेना.

उताराच्या मधोमध त्यांचे यजमान डोंगराचा फोटो काढत उभे होते.

"अवो, बाजूले व्हा!"

"हो, हो," नेहमीच्या सवयीनं ते मान न वळवता म्हणाले.

"अवो, सरका ना!"

"हो, एक मिनिट."

मग लग्नापासून उखाण्याशिवाय कधीच न घेतलेलं नाव सुभद्राबाईंच्या तोंडून सुटलं, "ए शालिकराम, सरक नं गा!"

शालिकराम दचकून वळले आणि तिथेच बर्फात बसले. त्यांच्या बाजूनं सुभद्राबाई सुसाट गेल्या आणि थोडं खाली भुसभुशीत बर्फात आडव्या झाल्या. नखशिखान्त पांढऱ्या होऊन त्या खदखदून हसत होत्या.

रोहित धावत आला. "बाबा, लागलं का? उठा ना!"

शालिकरामांनी त्याला हातानंच गप्प केलं आणि उताराखाली बघत हाक मारली, "सुभद्रा, मले नीट ऐकू नाही आलं वं. अजून एकदा म्हण!"