दोन अक्षरांचा शब्द

शलाकाने स्क्रॅबलच्या पटावर ए आणि आय, अशी दोनच इंग्रजी अक्षरं ठेवली. "सांग, अर्थ काय?"

आईचे डोळे लकाकले. "तीन बोटांचा सुस्त प्राणी. झाडाला उलटा लटकतो!" घरच्या माणसांना ती विसरली होती, कोशातले अवघड शब्द मात्र अजून तोंडपाठ होते.

हा शब्द तिनेच चौथीतल्या शलाकाला शिकवला होता. तेव्हा हसून म्हणाली होती, "सलग वाच, आई होतं. कोशात तो प्राणी, आपल्या घरात मी."

"आणि दुसरा अर्थ?" शलाकाने विचारलं.

आई बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग ओशाळून म्हणाली, "नाही हो आठवत. थांबा जरा, माझी मुलगी शाळेतून येईलच इतक्यात. तिला विचारा."