कुंडात सोडलेले शंख

"अजून थोडं ऊन चढू द्या, भैयासाहेब," माधवी म्हणाली आणि तिने काचेचा पेला कुंडाच्या पायरीवर उन्हात सरकवला.

पेल्यात नर्मदेतल्या तीन गोगलगायी होत्या. धरमपुरीच्या या घराण्यात त्यांना शंखच म्हणत. कुंडातले म्हातारे कासव म्हणजे कूर्मदेव, आणि देवाजवळ शंख हवा. म्हणून घरातल्या मुलाच्या वाढदिवसाला त्याच्याच हातून जिवंत शंख कुंडात सोडायचे. आज ईशानीचा वाढदिवस होता. बाकीचे शंख तांब्याच्या वाटीत घेऊन ती आजोबांशेजारी, म्हणजे भैयासाहेबांशेजारी, उभी होती.

कासव पाण्यावर एका अंगाला कलून तरंगत होते. बुडी मारायला जाई, आणि तसेच कललेले वर येई.

"मुहूर्त टळतोय," भैयासाहेब म्हणाले. "देव आजारी म्हणून सेवा थांबवायची? तुझं शिकवणं देवासच्या कॉलेजात ठेव."

"त्याच्या विष्ठेत कृमींची अंडी सापडली आहेत, भैयासाहेब. औषध देता येईल. पण रोज नवे कृमी शिरत राहिले तर ते वाचणार नाही. कुठून येतात, एवढंच बघू द्या. पेल्यात काही निघालं नाही तर मी गप्प बसेन."

"तू? गप्प?"

माधवी त्यांचीच मुलगी. तिने पेला आणखी थोडा उन्हात सरकवला.

ईशानीने पेल्याला नाक लावले. "बुआ, इसमें तो कुछ भी नहीं है."

"आत्या म्हण," आजोबा म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिले. "झालं आता. चल, सोड."

ईशानी एक पायरी उतरली. वाकली. वाटी पाण्यावर कलंडू लागली.

"थांब, ईशानी. इकडे बघ." माधवीने पेल्यामागे आपली काळी ओढणी धरली होती.

काळ्यावर पांढरे कण दिसत होते, पीठ सांडावे तसे. पण पीठ खाली बसते. हे वर चढत होते, वळत होते, पुन्हा वर चढत होते.

ईशानीने वाटी सरळ केली. "आत्या, ये तो तैर रहे हैं."

"हो. गोगलगायीच्या पोटात वाढतात आणि ऊन लागलं की बाहेर पडतात. मग कासवाच्या कातडीतून आत शिरतात, त्याच्या रक्तात राहतात."

"सगळ्या शंखांत असतात?"

"नाही. पण कशात आहेत ते बाहेरून कळत नाही."

ईशानीने वाटी वरच्या पायरीवर, काठापासून लांब नेऊन ठेवली. मग तिने आजोबांकडे पाहिले. "तुम्हीपण सोडले होते? छोटे थे तब?"

भैयासाहेब पेल्याकडे बघत राहिले. "दरवर्षी," ते म्हणाले.

त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, धोतर वर खोचले आणि ते कुंडात उतरू लागले.

"पाण्यात नका जाऊ, अंगाला खाज सुटेल," माधवी म्हणाली.

त्यांनी ऐकले नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते पायऱ्यांच्या कडा चाचपू लागले. दगडाला चिकटलेला एकेक शंख नखाने सुटा करून उपरण्यात टाकू लागले.

पाणी हलले तशी कासवाने मान वळवली. एका बाजूचेच पाय मारत, तिरपे तिरपे ते त्यांच्याकडे आले, आणि त्यांच्या हाताशी थांबून त्याने रोजच्या घासासाठी तोंड उघडले.